करारातलं प्रशिक्षणाचं कलम: थांबायचं लिहिलंय, शिकवायचं कोण लिहिणार?

दांडियाबाजार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात पर्सोनेलचं काम बघते. पंपांचे सुटे भाग बनवतो. माणसं साठेक, त्यातली जवळजवळ निम्मी कंत्राटी. दिवाळीनंतर दोन नवी व्हीएमसी मशिनं (संगणकावर चालणारी, धातू कापणारी उभी मशिनं) येतायत. शेठनी मला सांगितलंय, "जी चार मुलं त्या मशिनांवर घ्यायची त्यांच्याकडून बाँड लिहून घ्या. तीन वर्षं, दीड लाख." म्हणजे तीन वर्षं थांबायचं, नाहीतर दीड लाख भरायचे. नमुना म्हणून त्यांच्या व्याह्यांच्या कंपनीचं पत्रही दिलं.

ते पत्र मी घरी आणून नीट वाचलं. दीड पान. कर्मचाऱ्याने काय करायचं आणि काय करायचं नाही, यावर नऊ मुद्दे. प्रशिक्षण हा शब्द फक्त एकदा येतो, तोही 'कंपनी आपल्या प्रशिक्षणावर मोठा खर्च करणार असल्याने' असा. कशाचं प्रशिक्षण, किती दिवस, कोण देणार, शेवटी मुलाला काय यायला हवं, यातलं अक्षरही नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी दीड लाख मागायचे तीच गोष्ट करारात नाही.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. माझा भाचा डिप्लोमा मेकॅनिकल. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात लागला. दोन वर्षांचा बाँड, एक लाख रुपये, आणि दहावी-डिप्लोम्याच्या मूळ गुणपत्रिका कंपनीने ठेवून घेतल्या. प्रशिक्षण म्हणजे पहिल्या दिवशी सुरक्षेची एक फिल्म, दुसऱ्या दिवशी एका सीनियरच्या मागे उभं राहणं. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला लाईनवर. आठ महिन्यांनी मेव्हण्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून त्याला परत यावं लागलं. कागद हातात यायला पाच महिने गेले, तोवर दुसरीकडे अर्जही करता आला नाही. मी रोज हेच काम करते, आणि त्याने फोन केला तेव्हा पत्र न वाचताच "चांगली कंपनी आहे, कर सही" म्हणाले. ते मला अजून खुपतं.

तेव्हा हे कलम मला नीट लिहायचं आहे. शेठचं नुकसान होऊ नये हेही मला मनापासून वाटतं. मशीन पुरवणारी कंपनी बंगळुरूला पाच दिवसांचं प्रशिक्षण देते. एका मुलामागे त्यांची फी १४,००० रुपये, जाण्या-येण्याचं रेल्वेभाडं ४,६०० आणि राहणं-जेवण ९,००० धरलंय. एकूण २७,६००. त्यानंतर इथे तीन महिने आमच्या जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली. २७,६०० आणि दीड लाख यांचा मेळ मला घालता येत नाही.

विचारायचं हे, की असं कलम कुणी लिहिलंय का? कायद्यात काय टिकतं? आणि कंपनीची बाजूची जबाबदारी कोणत्या शब्दांत बांधायची?

तेलकट_हात

ताई, मी आयटीआयमध्ये टर्नर-मशिनिस्टला शिकवतो. 'व्हीएमसीचं प्रशिक्षण' एवढं लिहून काहीच कळत नाही. मुलाला जॉब क्लॅम्प करून डायल लावता यायला हवा. वर्क ऑफसेट (जॉब मशीनवर नेमका कुठे आहे तो आकडा) आणि टूलची लांबी भरता यायला हवी. प्रोग्रॅम वाचून कुठे काय होणार ते आधी सांगता यायला हवं, पहिला नग मोजून ऑफसेट सुधारता यायला हवा. टूल तुटलं, अलार्म आला तर कुठे थांबायचं ते कळायला हवं. ही यादी कराराला जोडा. प्रत्येक ओळीपुढे तारीख, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही. आमच्याकडे प्रॅक्टिकलची वही असते तशीच.

बहुतेक कारखान्यांत मुलाला सायकल स्टार्टचं बटण दाबायला आणि नग बदलायला लावतात, ऑफसेटला हात लावू देत नाहीत. दोन वर्षांनी तो मुलाखतीला जातो आणि त्याला काहीच येत नाही. त्याला ऑपरेटर म्हणतात, पण तो नग उचलणारा असतो. अशा मुलाकडून प्रशिक्षणाचा खर्च मागणं मला पटत नाही.

शेड_नंबर_सात

दुसरी बाजूही ऐका. माझं मंजुसरला छोटं युनिट आहे, अकरा माणसं. तीन वर्षांत पाच मुलं तयार केली, पाचही गेली. हालोलला नाहीतर साणंदला दोन-अडीच हजार जास्त मिळतात, बस मिळते, कँटीन मिळतं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही गेलो असतो. पण एक मुलगा ऐन ऑर्डरच्या आठवड्यात सोमवारी आलाच नाही, फोनही बंद. माझा माल उशिरा गेला आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. मोठी कंपनी शिकवण्यावर खर्च करत नाही, आमच्यासारख्यांकडून तयार माणूस उचलते. आम्ही बाँड लिहून घेतो तो भीतीपोटी. माझ्याकडेही तसलंच दीड पानी पत्र आहे, खोटं कशाला बोलू. ते कधी कोर्टात नेलेलं नाही.

कोर्टरोड

वकिली करतो, नोकरीचे दिवाणी दावे बघतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर दोन टोकांच्या अफवा आहेत. एक म्हणजे 'बाँड कायद्यात चालतच नाही', दुसरी 'सही केली म्हणजे सगळे पैसे भरावेच लागतात'. दोन्ही चुकीच्या.

करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. पण नोकरी चालू असताना दुसरीकडे जाऊ नये, ठरलेला काळ थांबावं, ही अट वेगळी. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंचुरी स्पिनिंग या खटल्यात हे स्पष्ट केलं. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डच्या (टायरमध्ये घालायच्या धाग्याच्या) कामाचं प्रशिक्षण, पाच वर्षांचा करार, आणि मधेच राजस्थानात कोटा इथल्या स्पर्धक कंपनीत जाणं, असा तो मामला होता. कराराच्या मुदतीपुरतं बंधन न्यायालयाने मान्य केलं. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करायचं नाही' ही अट मात्र सहसा टिकत नाही.

अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं थांबा नाहीतर दोन लाख भरा ही अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. त्यावरून पुष्कळ कंपन्या उड्या मारतायत. पण तिथे नेमणूक वरिष्ठ अधिकाऱ्याची होती आणि सरकारी बँकेला माणूस गेल्यावर जाहीर भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे न्यायालयाने विचारात घेतलं. मकरपुऱ्यातल्या हेल्परला तीच फुटपट्टी लावता येईलच असं नाही.

आता रक्कम. कलम ७४ म्हणतं, करारात आकडा लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०११ चा सिक्पा इंडियाचा निकाल तुमच्यासाठी अगदी जवळचा आहे. बाँड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च निघाला ६७,५९५ रुपये. माणूस दोन वर्षं काम करून गेला होता. हातात पडले २२,५३२, म्हणजे खर्चाचा राहिलेला एक तृतीयांश.

ताई, तुमचे २७,६०० हा बिलं दाखवून सिद्ध होणारा आकडा आहे. दीड लाख नाही.

नवा_ऑपरेटर

सर, माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडून बाँडसोबत सही केलेला कोरा चेक घेतला आहे. मी एप्रिलमध्ये लागलो. आई घाबरली आहे, पोलीस येतील का म्हणते. मूळ मार्कशीटही त्यांच्याकडे आहे.

कोर्टरोड

आईंना आधी सांगा, की बाँड मोडणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे, पोलिसांचा यात संबंध नाही. आणि कोर्टही कुणाला जबरदस्तीने त्याच नोकरीवर बसवत नाही, फार तर पैशाचा हुकूम होतो.

चेकचं मात्र मनावर घ्या. कोरा असला तरी स्वखुशीने सही करून दिलेल्या चेकवर कायदा देणं असल्याचं गृहीत धरतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं म्हटलंय. ते गृहीतक खोडून काढता येतं, पण ते काम तुमच्यावर येतं. चेक वटला नाही आणि नोटीस आली तर पैसे भरायला पंधरा दिवस असतात. ते फुकट घालवू नका, लगेच वकिलाकडे जा. आत्ता करायचं काम म्हणजे कंपनीला ईमेल करा, चेकचा नंबर लिहा आणि 'हा चेक केवळ बाँडच्या तारणापोटी दिला आहे, आज माझ्याकडे कोणतंही देणं नाही' असं नोंदवा. मार्कशीटची पोच मागा. पोच नसेल तर निदान ईमेलमध्ये 'मूळ प्रती आपल्याकडे आहेत' हे यायला हवं.

आणखी एक. पीएफचे पैसे बाँडपोटी अडवता येत नाहीत.

नवा_ऑपरेटर

धन्यवाद सर. आजच ईमेल करतो. आईला वाचून दाखवलं.

युनियनवाले_काका

वय झालं आता, पण गोरव्यातल्या कारखान्यात बावीस वर्षं युनियनचं काम केलंय. दांडियाबाजार ताई, तुम्ही एकेका मुलाच्या पत्राचा विचार करताय, तो हवाच. पण निम्मा प्रश्न सेटलमेंटमध्ये, म्हणजे युनियन आणि मॅनेजमेंटच्या करारात, सुटतो.

आमच्याकडे नवी मशिनं आली तेव्हा मॅनेजमेंटने चार तरुण पोरं बाहेरून आणली आणि आमची जुनी माणसं जुन्या लेथवर कुजत ठेवली. पुढच्या करारात आम्ही पगारवाढीच्या आधी प्रशिक्षण मांडलं. नवीन मशीन आलं की त्या खात्यातल्या जुन्या माणसाला पहिली संधी. शिकणं ड्युटीच्या वेळेत, पूर्ण पगारावर, इन्सेंटिव्हची सरासरी धरून. तीन महिन्यांत नाही जमलं तर जुन्या जागी परत, ग्रेडला धक्का न लावता. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची ठरली. पन्नाशीचा माणूस शिकायला घाबरतो तो नापास होऊन जागा जाईल म्हणून. ती भीती काढल्यावर सात जण पुढे आले.

आणि हे विसरू नका, की सुरक्षेचं प्रशिक्षण ही मालकाची मेहरबानी नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. सुरक्षिततेसाठी माहिती, शिक्षण आणि देखरेख देणं मालकाचं कर्तव्य झालं, आणि असं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून कलम १११-अ मध्ये आला. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही मालकाचं हे कर्तव्य आहे आणि नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं आहे. तेव्हा सुरक्षेच्या फिल्मचा खर्च बाँडमध्ये धरणाऱ्याला मी तरी सरळ नाही म्हणेन. जे कायद्याने द्यायचंच आहे त्याची किंमत कामगाराने का मोजायची?

तेलकट_हात

काकांना शंभर टक्के अनुमोदन.

ताई, तुम्ही अप्रेंटिसचा विचार केला का? ३० किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के, आणि त्यात कंत्राटीही मोजतात. साठ माणसं म्हणजे तुम्ही त्यात बसताच. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत वाटा मिळतो.

पण मला सांगायचंय ते वेगळं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम २२ वाचा. शिकणं संपल्यावर अप्रेंटिसने तिथेच नोकरी करावी अशी अट करारात घातली, तर मालकावरही त्याला योग्य नोकरी देण्याचं बंधन येतं. मुदत किंवा पगार वाजवी नसेल तर अप्रेंटिसशिप सल्लागार (हा सरकारी अधिकारी) त्यात बदल करू शकतो. आणि त्याच कायद्याप्रमाणे मालकाच्या चुकीने करार मोडला तर भरपाई मालकाने द्यायची, मुलाच्या चुकीने मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च मुलाने, तोही सल्लागार ठरवेल तेवढाच. साठ वर्षांपूर्वीच्या कायद्यात दोन्ही बाजू लिहिलेल्या आहेत. तुम्हाला जो समतोल हवाय त्याचा नमुना तिथे आहे.

सयाजीबाग

मी कामगार कायद्यातली नाही, शाळेत इतिहास शिकवते. पण बडोद्यात बसून बाँडची चर्चा चाललीय आणि एका कराराची आठवण कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

४ जून १९१३ रोजी बडोद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदा संस्थानाबरोबर एक करार केला. सयाजीराव महाराजांच्या दरबाराने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे, आणि शिकून आल्यावर त्यांनी दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. आजच्या भाषेत हा प्रशिक्षणाचा बाँडच. दरबाराने पैशाची बाजू पाळली. त्या पैशातून कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण झालं, आणि त्याचं ऋण साऱ्या देशावर आहे.

१९१७ च्या सप्टेंबरात ते करार पाळायला बडोद्याला आले. स्टेशनवर उतरल्यापासून राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. कचेरीत त्यांच्याकडे कागद दुरून टाकले जात. शहरात कुणी घर देईना. कामाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, ते काही तास बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बागेत त्या जागी आता संकल्पभूमी हे स्मारक आहे. मी दरवर्षी मुलांना घेऊन जाते.

मी तिथे उभी राहिले की मला त्या करारातली दहा वर्षं आठवतात. त्या माणसाने दहा वर्षं द्यायची तयारी ठेवली होती. त्याला राहू देण्याची, माणसासारखं काम करू देण्याची जबाबदारी कोणत्याच कागदात नव्हती, आणि बडोद्याने ती पाळली नाही. तुमच्या चार मुलांतलं कुणी बाहेरगावचं असेल, कुणी वस्तीतलं असेल. 'तू थांब' असं लिहिताना त्याला थांबता येईल अशी परिस्थिती आपण ठेवतोय का, हा प्रश्न त्या कलमात यायला हवा असं मला वाटतं.

दांडियाबाजार

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काही वेळ तशीच बसले. सयाजीबागेवरून रोज जाते. यातल्या एका मुलाला खरंच गावात खोली मिळत नाहीये, आडनाव विचारून नाही म्हणतात. हे मला माहीत होतं आणि माझ्या कामाचा भाग आहे असं वाटलं नव्हतं.

राजवाडा_इंदूर

इंदूरहून. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी कलम बदललं, ते उपयोगी पडेल. पूर्वी बाविसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम. आता दर पूर्ण महिन्याला रक्कम उतरते. तुमचेच आकडे घेतले तर २७,६०० रुपये, बारा महिने, म्हणजे महिन्याला २,३०० कमी. सात महिने काम करून गेला तर ११,५०० देणं उरतं. मुलाला दर महिन्याला कळतं आपण कुठे आहोत.

एक छोटी गोष्ट. माझ्या मित्राकडून बाँडच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावून मागितला होता. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की कर्मचारी मुदतीआधी गेला म्हणून घेतलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी नाही. कुणी मागत असेल तर देऊ नका.

शेड_नंबर_सात

बारा महिने मला कमी वाटतात. बंगळुरूची बिलं दिसतात, पण माझा जुना ऑपरेटर तीन महिने त्या पोराच्या मागे उभा असतो, त्याचं उत्पादन घटतं, चार-दोन जॉब रिजेक्ट होतात. तो खर्च कुठे धरायचा?

कोर्टरोड

धरता येईल, पण नोंद असेल तर. शिकवणाऱ्याला त्या काळात जादा भत्ता दिला तर तो वेतनपत्रकात दिसतो, आणि त्या माणसालाही शिकवण्याचं मोल मिळतं. रिजेक्ट जॉब मात्र धरू नका. शिकताना जॉब बिघडणारच, तो धंद्याचा खर्च आहे. आणि शिकणाऱ्या मुलाचा त्या काळातला पगारही बाँडमध्ये घालू नका. तो हजर होता, काम करत होता.

दांडियाबाजार

चार दिवस बसून मसुदा केला. इथे टाकते, मोकळेपणाने तोडा.

'कंपनी कर्मचाऱ्यास सोबतच्या यादीतील कामांचे प्रशिक्षण देईल. त्यापैकी पाच दिवस मशीन पुरवठादाराकडे व बारा आठवडे कारखान्यात, नेमून दिलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. प्रशिक्षणाचा संपूर्ण काळ कामाचा काळ समजून पूर्ण वेतन देण्यात येईल. यादीतील प्रत्येक काम आल्याची नोंद प्रशिक्षक व कर्मचारी दोघांच्या सहीने वहीत होईल व वहीची प्रत कर्मचाऱ्याकडे राहील.

प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत कर्मचाऱ्याने स्वेच्छेने नोकरी सोडल्यास, बाहेरील प्रशिक्षणाचा बिलांनुसार झालेला खर्च, कमाल २७,६०० रुपये, दर पूर्ण महिन्यास एक बारांश कमी करून, कंपनीस देय राहील. सुरक्षेचे प्रशिक्षण, कर्मचाऱ्याचे वेतन व कामातील नुकसान यात धरले जाणार नाही.

कंपनीने यादीतील प्रशिक्षण ठरलेल्या काळात दिले नाही, किंवा कंपनीने स्वतःहून नोकरी संपवली, किंवा कर्मचाऱ्याच्या अथवा त्याच्या घरच्या गंभीर आजारामुळे नोकरी सोडावी लागली, तर काहीही देय राहणार नाही. कंपनी मूळ प्रमाणपत्रे किंवा धनादेश तारण घेणार नाही. अनुभवपत्र व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कोणत्याही कारणाने रोखले जाणार नाही.'

तेलकट_हात

'ठरलेल्या काळात' याऐवजी तारीख घाला. आणि बारा आठवड्यांत निदान किती तास तो मशीनवर स्वतःच्या हाताने काम करेल ते लिहा, नाहीतर पुन्हा नग उचलणं. बाकी मसुदा चांगला आहे.

युनियनवाले_काका

शिकून झाल्यावर पगार किती वाढणार? ते नाहीच. कौशल्य वाढलं आणि पगार तोच, तर बारा महिने एक दिवस झाला की तो जाणार, आणि जायलाच हवा. माणूस थांबतो तो दर वाढला म्हणून, ते याच कलमात बांधा.

सयाजीबाग

हा करार कोणत्या भाषेत देणार? मुलं गुजराती माध्यमातली असतील. महाराजांच्या कलाभवनात, १८९० पासून, तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचा प्रयत्न झाला. आपण आज सहीचा कागद तरी त्यांच्या भाषेत देऊ या.

दांडियाबाजार

आज शेठबरोबर दीड तास बसले. सिक्पाचा निकाल आणि बंगळुरूचं कोटेशन शेजारी शेजारी ठेवलं. ते आधी चिडले, "मग बाँड लिहायचाच कशाला?" म्हणाले. मी त्यांना शेड_नंबर_सात यांचा अनुभव वाचून दाखवला, आणि काकांची पगाराची गोष्ट. बारा महिन्यांचे त्यांनी अठरा केले, ते मी मान्य केलं, म्हणजे महिन्याला १,५३३ उतरतील. आजाराचं कलम त्यांनी ठेवलं, त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं आजारपण त्यांना आठवलं असावं. पगारवाढीचा आकडा लिहायला ते तयार नव्हते, शेवटी 'प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून ऑपरेटर ग्रेड' एवढं लिहून दिलं. आमच्याकडे ग्रेडचा दर ठरलेला आहे, त्यामुळे मला ते चाललं. खोलीचं मी वेगळं बोलले. कारखान्याच्या नावाने भाडेकरार करून खोली घ्यायची आणि मुलाला द्यायची, याला ते हो म्हणाले. करारात नाही, पण या महिन्यात करून घेते.

दुपारी चारही मुलांना गुजराती प्रत दिली आणि सांगितलं, आज सही नाही, घरी नेऊन घरच्यांना दाखवा. तीन जण लगेच घडी करून खिशात घालून गेले. चौथा तिथेच उभा राहून शेवटपर्यंत वाचत होता. मग म्हणाला, "मॅडम, इथे लिहिलंय कंपनी शिकवेल. नाही शिकवलं तर मी कोणाला सांगायचं? ज्यांनी शिकवायचं त्यांनाच?"

याचं उत्तर मसुद्यात नव्हतं. एक ओळ वाढवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी स्वतः मशीनवर जाऊन वही बघायची, प्रशिक्षकाला बाजूला ठेवून मुलाशी बोलायचं, आणि राहिलेलं काम दोन आठवड्यांत शिकवून घ्यायचं. माझ्या हुद्द्यासकट लिहिलंय. सोमवारी नवी प्रत देणार आहे.